सैनिकी संस्थेतलं पहिलं वर्ष: जाण्याआधीच्या आठ आठवड्यांत काय करावं

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलाने यंदा मराठी माध्यमातून दहावीची परीक्षा दिली. अकरावी-बारावीत एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची, म्हणजे एसपीआयची, लेखी परीक्षाही त्याला बरी गेली आहे आणि मुलाखतीला बोलावणं येईल अशी आशा आहे. वडील एसटीत वाहक, घरी अडीच एकर कोरडवाहू. गावातले लोक म्हणतात की पहिलं वर्ष झेपत नाही, पोरं अर्ध्यातून परत येतात. "हातात आठ-नऊ आठवडे आहेत. क्लास लावावा की पळायला लावावं? इंग्रजीचं काय करावं? आणि पुढे एनडीए नाही झालं तर दोन वर्षं वाया जातील का?"

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं कुठलं बोलणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं जवानांना पीटी शिकवण्यात गेली. त्यानंतर ११ वर्षं एका निवासी सैनिकी शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर होतो, त्याच आवारात राहायला. पहाटेची पीटी माझ्याकडे, रात्रीची हजेरी माझ्याकडे, आणि एसएसबीहून, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या पाच दिवसांच्या मुलाखतीहून, परत आलेल्या मुलांशी बसून बोलायचं कामही माझ्याकडेच असायचं. गणित मी शिकवलेलं नाही. त्याबद्दल जे लिहीन ते मुलांच्या वह्या आणि चेहरे बघून आलेलं आहे.

तुम्ही क्लास की पळणं असं विचारलंत. यामागची भीती मला कळते. आपला मुलगा तिथे इतरांपेक्षा कमी पडेल, ही ती भीती. पण पहिल्या वर्षात घरी परत गेलेली जी मुलं मी पाहिली, त्यांच्यात निव्वळ गणित जमलं नाही म्हणून किंवा पळता आलं नाही म्हणून गेलेला मुलगा मला फारसा आठवत नाही. जे गेले त्यांचा दिवस कोसळला होता. तो कसा कोसळतो ते सांगतो.

एक मुलगा होता, दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळवून आलेला. पहिल्या रविवारी मी धुणं धुवायच्या ओट्यापाशी गेलो तर हा बादलीत चारही शर्ट कोंबून वरून साबणाचा चुरा टाकून उभा. कॉलर घासायची असते हे त्याला माहीत नव्हतं, पिळायचं कसं ते माहीत नव्हतं. पावसाळ्याचे दिवस, कपडे वाळले नाहीत. सोमवारी पहाटे ओला गणवेश चढवून फॉलिनला, म्हणजे रांगेतल्या हजेरीला, उभा राहिला. मोजे ओले, त्यामुळे बुधवारपर्यंत टाचेला फोड. फोडामुळे पीटीतून बाजूला बसवलं, त्याची लाज वाटून रात्री झोप नाही. झोप नाही म्हणून वर्गात डोळे मिटायला लागले. आणि ज्या आठवड्यात गणिताच्या सरांनी फलन शिकवलं, तो आठवडा त्याच्या डोक्यावरून गेला. पंधरा दिवसांनी तो फोनवर आईला म्हणाला, "मला इथलं गणित जमत नाही, मला घेऊन जा." आईला वाटलं गणित कच्चं आहे. मुळात कपडे वाळले नव्हते. तो मुलगा टिकला, कारण शेजारच्या खाटेवरच्या पोराने त्याला बसवून कपडे धुवायला शिकवलं. सगळ्यांना असा शेजारी मिळत नाही.

म्हणून माझं उत्तर असं आहे की या आठ आठवड्यांत त्याला स्वतःचा दिवस स्वतः चालवायला शिकवा. पळणंही हवं आणि अभ्यासही हवा, दोन्हींबद्दल खाली लिहितो, पण त्यांची जागा त्या दिवसाच्या आत आहे.

याची निकड का, तर एनडीएच्या परीक्षेचं वेळापत्रक बघा. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते, साधारणपणे एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरच्या परीक्षेतून निवडलेल्या मुलांचा खडकवासल्याच्या एनडीएतला कोर्स पुढच्या जुलैत सुरू होतो, म्हणून बारावीत शिकत असलेला मुलगाही ती देऊ शकतो. म्हणजे तुमचा मुलगा या पावसाळ्यात अकरावीला गेला तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याची पहिली खरी परीक्षा. हातात चौदा-पंधरा महिने. त्यात अकरावी-बारावीचा गणिताचा बहुतेक भाग, इंग्रजी, सामान्य ज्ञान, शिवाय कॉलेजच्या परीक्षा. बारावी हे कसोटीचं वर्ष, अकरावीत जरा श्वास घेऊ, असं बाहेरच्या कॉलेजात चालतं. इथे शिकायचं वर्ष अकरावीच. त्यातले पहिले तीन महिने कपडे, झोप आणि रडणं यात गेले तर एक पंचमांश वेळ गेला. हे तीन महिने घरूनच वाचवून न्यायचे आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मोकळेपणाने सांगतो. मुलगा आधी वसतिगृहात राहिलेला असेल तर निम्मं काम झालेलं आहे. सेमी-इंग्रजीतून शिकला असेल तर गणिताचा भाग हलका होईल. वजन फार जास्त किंवा फार कमी असेल तर पळण्याचा क्रम बदलेल. आणि संस्थेकडून जे पत्र व सामानाची यादी येईल ती माझ्या बोलण्याच्या वर. माझं आणि पत्राचं जुळलं नाही तर पत्र धरा.

आता घरचं. उद्यापासून त्याचं अंथरूण, ताट, कपडे, बूट हे त्याचं त्याने करायचं. तुम्ही मध्ये हात घालायचा नाही, आणि हे तुम्हालाच जड जाणार आहे. कॉलर वाकडी इस्त्री झाली तरी ती तशीच घालून जाऊ द्या. सुईत दोरा ओवून बटण लावता आलं पाहिजे, उसवलेल्या शिवणीला टाके घालता आले पाहिजेत, बुटाला पॉलिश करता आलं पाहिजे. बादलीभर पाण्यात अंघोळ आणि एक जोडी धुणं, दोन्ही पंधरा मिनिटांत. ही मिनिटं खरंच घड्याळ लावून मोजा. तिथे घाई कामाची नसते, वेळेची असते. पीटीवरून आल्यावर अंघोळ, गणवेश, नाश्ता आणि वर्ग यांच्यामध्ये फार थोडा वेळ असतो, आणि ज्याचा हात बसलेला आहे त्याला त्यातही दोन मिनिटं उरतात.

झोपेचं असं करा की एकदम पहाटे पाचला उठवू नका. सुट्टीत पोरं बारा-एकपर्यंत मोबाईल घेऊन जागतात. दर तीन-चार दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा, महिना-दीड महिन्यात रात्री पावणेदहा आणि पहाटे साडेपाच जमेल. मोबाईल रात्री तुमच्या खोलीत राहू द्या. निवासी सैनिकी संस्थांत मोबाईल सहसा मोजक्या वेळीच हातात मिळतो, आणि ज्याची सवय आधी सुटलेली नसते त्याचे पहिले दहा दिवस फार चिडचिडीत जातात.

याच्या पुढे जाऊन एक गोष्ट करा, माझ्या मते ती या सगळ्यात मोलाची आहे. घरातलं एक अख्खं काम त्याच्या अंगावर टाका. मदत म्हणून सांगू नका, जबाबदारी म्हणून द्या. खरिपाचं बियाणं आणि खत आणायचं असेल तर किती लागेल हे वडिलांना विचारणं, दोन दुकानांत भाव काढणं, पैसे नेणं, पावती आणणं, हिशेब लिहिणं, सगळं त्याने करावं. आजीला डोळे तपासायला न्यायचं असेल तर नंबर लावण्यापासून औषध आणण्यापर्यंत त्याने करावं. चुकेल. शंभर-दोनशे रुपये वाया जातील. जाऊ द्या.

हे का म्हणतो, तर एसएसबीत मुलाखतीच्या आधी एक माहितीपत्रक भरून घेतात. त्यात आईवडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, भावंडं, खेळ, छंद, तुम्ही कुठली जबाबदारी सांभाळली असे रकाने असतात. मुलाखत घेणारे अधिकारी त्यातूनच धागा पकडतात. परत आलेला एक मुलगा मला रात्री सांगत होता, "सर, मला विचारलं, घरी शेती किती, पीक काय, गेल्या वर्षी सोयाबीन कितीला गेलं. मला एकही आकडा सांगता आला नाही." शेतकऱ्याचा मुलगा होता. राफेलचा वेग त्याला तोंडपाठ होता. त्याचं झालं नाही. दुसऱ्या एका मुलाने बहिणीच्या लग्नात मांडवाचा आणि पाण्याच्या टँकरचा हिशेब सांभाळला होता. तो अडखळत, मोडक्या इंग्रजीत बोलला, पण बोलण्यासारखं त्याच्याकडे होतं. त्याची निवड झाली. निवड होण्या-न होण्यामागे पाच दिवसांतल्या अनेक गोष्टी असतात, एका उत्तरावर काही ठरत नाही, हे मी जाणतो. तरीही ही दोन मुलं माझ्या डोळ्यांसमोर कायम शेजारी शेजारी उभी राहतात.

एसएसबीचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगून ठेवतो की आत्ता त्याचा क्लास लावू नका. तिथल्या मानसशास्त्रीय चाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकाला १५ सेकंद. चित्र ३० सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अर्ध्या तासात ६० प्रसंगांना उत्तरं द्यायची. या वेगाची मांडणीच अशी आहे की मनात जे आहे तेच कागदावर उतरावं. पाठ केलेल्या गोष्टी पहिल्या दोन-तीन चित्रांपर्यंत पुरतात, पुढे मुलगा उघडा पडतो. सरावाला बारावीत भरपूर वेळ आहे. सोळाव्या वर्षी त्याच्या मनात काही साठू द्या.

आता शरीर. इथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. शाळेत माझं दुसरंच वर्ष होतं. एक सडपातळ, जिद्दी मुलगा तिसऱ्या आठवड्यात म्हणाला की नडगी दुखते. सगळ्यांचीच दुखते असं समजून मी त्याला पळत ठेवलं. आठवड्याने तो पायावर भारच देईना. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. दीड महिना तो बाकावर बसून इतरांची पीटी बघत होता, आणि मी रोज त्याच्याकडे बघत होतो. तो मुलगा घरी कधी पळाला नव्हता, आणि आम्ही त्याला पहिल्या आठवड्यातच डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर काढायला लावले होते. फुप्फुसं आणि स्नायू दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, हाडाला भार सोसायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून आठ आठवडे महत्त्वाचे.

सुरुवात एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. दर आठवड्याला पळण्याची मिनिटं थोडी वाढवा, चालण्याची कमी करा. आठव्या आठवड्यात तो न थांबता अर्धा तास, बोलता येईल अशा गतीने पळाला की पुरे. शेताकडचा कच्चा रस्ता किंवा शाळेचं मैदान धरा, डांबर नको. मराठवाड्याच्या उन्हात साडेसहाच्या आत आटपा. वेग मोजायची घाई नको. पुढे २.४ किलोमीटरची वेळ मोजली जाणारच आहे, ते काम तिथले उस्ताद करून घेतील. नडगीवर एका ठरावीक जागी बोटाने दाबल्यावर कळ येत असेल तर पळणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पूर्ण नडगी ठणकत असेल तर दुखणं थांबेपर्यंत विश्रांती द्या, त्याला काही आठवडेही लागू शकतात.

बाकी आपले दंड आणि बैठका. आठ दंडांवर छाती खाली टेकत असेल तर आठच मोजा, नववा अर्धवट काढलेला धरू नका. चिन-अप बहुतेक मुलांना एकही येत नाही. त्यासाठी कडुलिंबाची आडवी, मजबूत फांदी बघा. पहिले दोन आठवडे नुसतं लोंबकळायचं, मग स्टुलावरून वर जाऊन हळूहळू खाली यायचं. खाली येण्यातूनच वर जायची ताकद तयार होते. जिम नको, डब्यातली पावडर तर मुळीच नको. भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध आणि घरात चालत असतील तर रोज दोन अंडी, एवढ्यावर सोळा वर्षांच्या मुलाचं शरीर उत्तम घडतं. पोहता येत नसेल आणि गावात शिकवणारं जाणतं माणूस असेल तर या सुट्टीत शिकून घ्यावं. एसएसबीला पोहण्याची गरज नाही, पण एनडीएत सगळ्यांनाच पाण्यात उतरावं लागतं. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी खोल गेलेलं असतं, तेव्हा एकटं किंवा मित्रांच्या भरवशावर मुळीच सोडू नका.

पायांची गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. नवीन बूट घेतले की ते घरीच महिनाभर वापरून मऊ करा, पहिल्यांदा तिथे जाऊन घालू नका. मोजे सुती, निदान सहा जोड. नखं सरळ कापायची, कोपरे गोल करून खोल कापायचे नाहीत, नाहीतर नख मांसात शिरतं. अंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या आणि जांघ कोरडी पुसायची. वसतिगृहातला सगळ्यात चिवट आजार म्हणजे नायटा. ओली चड्डी, एकमेकांचे टॉवेल आणि लाज या तिघांमुळे तो पसरतो. मुलं कोणाला सांगत नाहीत, मेडिकलमधून मलम आणून लावतात. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, मग चट्टा आणखी पसरतो आणि साध्या औषधाने हटेनासा होतो. त्याच्याशी वडिलांनी एकदा स्पष्ट बोलावं: टॉवेल आणि अंतर्वस्त्र कोणाचं घ्यायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, आणि खाज सुटली तर त्याच दिवशी दवाखान्यात सांगायचं.

डॉक्टरांकडची एक फेरी आत्ताच मारून घ्या. दातांत कीड असेल तर भरून घ्या. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत दातांना गुण देतात, २२ पैकी निदान १४ लागतात. कानात मळ, नाकाचं वाकडं हाड, घशातल्या गाठी (टॉन्सिल) अशा गोष्टी आत्ता कळल्या तर उपचाराला दोन वर्षं मिळतात. रंग नीट ओळखता येतात का ते डोळ्यांच्या डॉक्टरांना बघायला सांगा, कारण तो दोष बरा होत नाही आणि त्यावर कुठलं दल आणि कुठली शाखा उघडी राहते ते ठरतं. चष्मा आहे म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत, पण फ्लाइंगसाठी नियम कडक आहेत. एनडीएला मुलांची उंची सर्वसाधारणपणे १५७ सेंटिमीटर आणि वैमानिकासाठी १६२.५ सेंटिमीटर लागते. मुलगा रोज विमानाची स्वप्नं बघत असेल तर हे त्याला आधी माहीत असलेलं बरं. नाशिकला २०२३ पासून मुलींसाठीही एसपीआयसारखी संस्था सुरू झाली आहे. तिथे मुलगी पाठवणाऱ्या आईवडिलांनी याच फेरीत हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं. कमी असेल तर ती जिद्दीने पळते, पण धाप लागून मागे पडते, आणि तिला वाटतं आपल्यात दम नाही.

अभ्यासाचं सांगतो. अकरावीचं पुस्तक आत्ता उघडू नका. दहावीचं बीजगणित, भूमिती आणि त्रिकोणमिती इतकी घट्ट करा की पेन थांबता कामा नये. एनडीएच्या गणिताच्या पेपरात अडीच तासांत १२० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. गणकयंत्र चालत नाही, चुकीला गुण कापले जातात. त्यामुळे तीसपर्यंतचे पाढे आणि वर्ग पाठ असणं हे तिथे खऱ्या उपयोगाचं आहे. आपल्याकडे आजोबांच्या काळात पाऊणकी, सव्वाकी, दीडकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणायचे. ती पिढी घरात असेल तर संध्याकाळी त्यांच्यासमोर बसवा.

मराठी माध्यमातल्या मुलाची खरी अडचण गणिताची नसते, नावांची असते. संभाव्यता त्याला येते, पण फळ्यावर प्रोबॅबिलिटी लिहिलं की तो गांगरतो. एक दोनशे पानी वही घ्या, मध्ये रेघ मारा. डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी: श्रेढी आणि प्रोग्रेशन, संच आणि सेट, सदिश आणि व्हेक्टर. रोज दहा. इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणायचा, कारण वर्गात तो कानावर पडणार आहे. दोन महिन्यांत पाच-सहाशे शब्द होतात. ज्या मुलाने अशी वही आणली होती, त्याच्याकडे पहिल्या महिन्यात बाकीची मुलं मागायला येत, आणि त्यातून त्याची जी ओळख झाली ती दोन वर्षं टिकली.

बोलण्याच्या इंग्रजीसाठी फार सोपा उपाय आहे, फक्त रोज करावा लागतो. वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं, बातमी असो की पाठ्यपुस्तक. मग वाचलेलं तुम्हाला मराठीत सांगायचं. ताई, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. तुम्हाला कळेल असं तो सांगू शकला तर त्याला कळलं आहे. रात्री जेवताना कुठल्याही एका विषयावर तीन मिनिटं उभं राहून बोलायचं, पहिले पंधरा दिवस मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. एसएसबीत लेक्चरेट म्हणून जे असतं, त्यात तीन मिनिटं तयारी आणि तीन मिनिटं बोलणं असतं. आमची मुलं व्याकरणाला अडत नाहीत, पहिल्या चुकीनंतर गप्प होतात. चूक झाल्यावरही पुढे बोलत राहायची सवय घरच्या जेवणाच्या पाटावर जितकी सहज लागते तितकी नंतर कुठे लागत नाही. हिंदीकडे मात्र दुर्लक्ष नको. सैन्यात मित्र हिंदीतच होतात.

रोजचा मेळ असा बसतो: पहाटे एक दिवसाआड पळणं आणि मधल्या दिवशी दंड-बैठका, सकाळी दीड-दोन तास गणित, दुपारी वही आणि वाचन, संध्याकाळी खेळ आणि घरचं अंगावर घेतलेलं काम, जेवताना तीन मिनिटं. याहून जास्त भरू नका. तो दमून गेला तर पहिल्याच आठवड्यात आजारी पडेल.

फोनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कधीतरी तो रडत फोन करेल. जवळजवळ सगळे करतात. पुढे अधिकारी झालेली मुलंही खांब धरून रडलेली मी पाहिली आहेत. जाण्याआधीच त्याच्याशी ठरवून घ्या की दिवाळीपर्यंत कोणताही निर्णय घ्यायचा नाही. दिवाळीला घरी आल्यावर बसून बोलू, तेव्हाही नको वाटलं तर एक शब्द न बोलता परत आणू. हे वचन मनापासून द्या आणि पाळा. परत यायची वाट उघडी आहे हे कळलं की मुलाला पुढचा दिवस काढता येतो. "लोक काय म्हणतील" हे वाक्य फोनवर चुकूनही नको. तुम्हाला स्वतःला रडू आलं तर फोन वडिलांकडे द्या.

पण घराची आठवण आणि खरा त्रास यांत फरक आहे, आणि तो ओळखायला पाहिजे. आठवण येणारा मुलगा फोनवर रडतो आणि मग मेसच्या भाजीबद्दल तक्रार करतो. त्रासात असलेला मुलगा बोलायचं कमी करतो, नावं घ्यायचं टाळतो, "काही नाही" म्हणतो. मोठ्या मुलांकडून मारहाण, पैसे काढून घेणं, रात्री उठवणं हे रॅगिंग आहे, आणि महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. सैनिकी वातावरण म्हणून ते चालवून घ्यायचं नसतं. शिस्त उघड्यावर, सगळ्यांसमोर, उस्तादाच्या नजरेखाली लावली जाते. जे दार लावून होतं ती शिस्त नव्हे. तुम्ही आणि मुलाने मिळून एक साधं वाक्य ठरवून ठेवा, उदाहरणार्थ "गाय व्यायली का?" ते त्याने फोनवर विचारलं की दुसऱ्या दिवशी वडिलांनी जाऊन प्रमुखांना भेटायचं, दिवाळीची वाट बघायची नाही.

आता दोन वर्षं वाया जातील का. सगळ्यांचं एनडीए होत नाही, हे आत्ताच समजून घ्या. देशभरातून लाखो मुलं अर्ज करतात आणि एका परीक्षेतून साधारण चारशे जागा भरतात. लेखीला ९०० गुण, एसएसबीला ९००, नंतर वैद्यकीय. पण त्याच्याकडे संधी एक नसते. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं, त्यामुळे बारावीतल्या सप्टेंबरनंतर एप्रिल, पुन्हा सप्टेंबर अशा आणखी दोन-तीन परीक्षा बहुतेकांना मिळतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात मिळून ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असेल, तर लष्कराच्या टेक्निकल एंट्रीचा अर्ज करता येतो, त्याला यूपीएससीची लेखी परीक्षा नसते. म्हणून जेईईचा फॉर्म भरायला विसरू नका. राज्याची सीईटी द्यायची, ती इंजिनिअरिंगसाठी. पदवीनंतर सीडीएस ही अधिकारीपदाची परीक्षा आहे, एनसीसीची थेट प्रवेशाची योजना आहे. आमच्या शाळेतून एनडीएत न गेलेली कितीतरी मुलं बावीस-तेवीसाव्या वर्षी सीडीएसमधून गेली, काही इंजिनिअर झाली, एक जण आज गावाकडे दूध संकलन चालवतो आणि पहाटे चारला उठतो. फक्त बारावीच्या मार्कांकडे पाठ फिरवू देऊ नका. एनडीएच्या नादात बोर्डाची परीक्षा सोडून दिली, तर मात्र दोन वर्षांचं नुकसान खरंच होतं.

आणि यंदा एसपीआयची निवड झाली नाही, तरी यातलं एकही काम फुकट जात नाही. जवळच्या कॉलेजात विज्ञान शाखेला घाला, एनसीसी असलेलं कॉलेज बघा. एनडीएची परीक्षा त्यालाही तीच आहे.

शेवटचं काम कागदांचं, आणि ते याच आठवड्यात सुरू करा. दहावीचं प्रमाणपत्र आलं की त्यावरचं त्याचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी आणि जन्माच्या दाखल्याशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. यूपीएससी जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरते. आपल्याकडे एका कागदावर मधलं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं, कुठे आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असतं. शाळेच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं आहे ते मुख्याध्यापकांकडे जाऊन आत्ताच बघून या. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो आणि त्याला वेळ लागतो. या फेरीलाही तुम्ही जाऊ नका, मुलालाच पाठवा. सोबत वडिलांचं आधार कार्ड आणि जन्माच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स द्या.